बांधलं त्यांनीच, पाडलंही त्यांनीच

१८९० च्या जून महिन्यात यूटामधले तीन चित्रकार बायकामुलांचा निरोप घेऊन पॅरिसला निघाले. जॉन हाफेन, लोरस प्रॅट आणि जॉन फेअरबँक्स. तिघेही पस्तिशीच्या आसपासचे, तिघेही संसारी आणि तिघांचीही कमाई तुटपुंजी. प्रवासाचा नि शिक्षणाचा खर्च त्यांच्या मॉर्मन चर्चने उचलला होता. मॉर्मन तरुणांना दूरदेशी प्रचाराला पाठवताना जसा डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात, तसाच या तिघांनाही दिला गेला. फरक एवढाच की यांना प्रचार करायचा नव्हता. यांना मानवी देह, झाड, आभाळ आणि उजेड रंगवायला शिकायचं होतं, आणि परत येऊन सॉल्ट लेक सिटीतल्या मंदिराच्या भिंती रंगवायच्या होत्या.

ते मंदिर तेव्हा सदतीस वर्षं बांधलं जात होतं. १८५३ मध्ये कोनशिला बसली. लिटल कॉटनवूड दरीतला करडा दगड सुरुवातीची अनेक वर्षं बैलगाड्यांनी आणि नंतर रेल्वेने येत राहिला. बाहेरच्या भिंती आता पुऱ्या होत आल्या होत्या, पण आतल्या खोल्या कोण रंगवणार, हा प्रश्न होता. हाफेनने चर्चच्या वरिष्ठ मंडळातल्या जॉर्ज क्यू. कॅनन यांना पत्र लिहून सुचवलं की आम्हाला शिकायला पाठवा, आम्ही ऋण फेडू. कॅनन यांनी ते मनावर घेतलं.

हा निर्णय कोणत्या काळात झाला ते पाहिलं की त्याचं मोल कळतं. बहुपत्नीत्वाच्या प्रश्नावरून अमेरिकी सरकारने या समाजाला जेरीस आणलं होतं. १८८७ च्या कायद्याने चर्चची मालमत्ता जप्त व्हायला लागली होती, पुढारी भूमिगत होते किंवा तुरुंगात जाऊन आले होते. चित्रकार पॅरिसला पोचल्यावर दोन-तीन महिन्यांतच, सप्टेंबर १८९० मध्ये, चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी बहुपत्नी विवाह थांबवत असल्याचं जाहीर केलं. एखादा समाज पार कंगाल होण्याच्या बेतात असताना चित्रकारांच्या शिक्षणावर पैसे खर्च करतो, याला काय म्हणावं? मला तरी यात मोठेपणा दिसतो. चित्र ही चैन नव्हे, पूजेचा भाग आहे, असं मानल्याशिवाय कोणी हे करणार नाही.

आणि ते खरोखरच पूजेचा भाग होतं. मॉर्मन मंदिर हे रविवारच्या प्रार्थनेचं ठिकाण नाही. रविवारची सभा साध्या सभागृहात भरते. मोठ्या गावात त्यासाठी टॅबरनॅकल नावाची प्रशस्त वास्तू असे, तिथे कोणीही जावं. मंदिरात मात्र फक्त दीक्षेला पात्र ठरलेले सदस्य जातात. दीक्षेचा विधी हा एका अर्थी नाट्यप्रयोगच असतो. पहिल्या खोलीत जगाची निर्मिती, दुसरीत एडनची बाग, तिसरीत त्या बागेतून हाकलल्या गेलेल्या माणसाचं कष्टाचं जग, मग आणखी उजळ खोली, आणि शेवटी स्वर्गीय दालन. माणसं एका खोलीतून उठून दुसरीत जात, सेवेकरी संवाद म्हणत, आणि चारही भिंतींवरची चित्रं हाच त्या प्रयोगाचा नेपथ्यपट. बागेच्या खोलीत दाट झाडी, संथ पाणी, शेजारी शेजारी बसलेली जनावरं. जगाच्या खोलीत उघडेबोडके खडक, वादळं, एकमेकांवर झेपावणारी श्वापदं. चित्राच्या मधोमध बसलेल्या माणसाला एका खोलीतून दुसरीत जाताना काहीतरी हरवल्याचं अंगावर येई. भिंत काढली तर विधीचं नेपथ्यच जातं, हे त्या काळी सांगावं लागत नव्हतं.

पॅरिसमध्ये तिघांनी अकादमी ज्युलियांमध्ये नाव घातलं. काही महिन्यांत एडविन इव्हान्सही जाऊन मिळाला, पाठोपाठ हर्मन हाग. गर्दीने भरलेले वर्ग, समोर मॉडेल, कोळशाच्या कांडीने तासन् तास रेखाटन, आणि आठवड्यातून ठरल्या वारी येऊन चुका दाखवणारे गुरुजी. हाफेनचा जीव मात्र उघड्यावर, शेतात जाऊन रंगवण्यात रमला. इकडे घरी त्यांचा गुरू, यूटातल्या चित्रकलेचा आद्य पुरुष समजला जाणारा डॅन वेगलंड, हा नॉर्वेत जन्मलेला, कोपनहेगनला शिकलेला माणूस. चित्राच्या मोबदल्यात भाजीपाला नि विणलेले मोजे घेऊन त्याने संसार केला. बाहेर जाऊन शिका, असं तो शिष्यांना सांगत आला होता. आता शिष्य शिकून आले आणि गुरूच्या जोडीने शिडीवर चढले. ६ एप्रिल १८९२ ला मंदिराचा शेवटचा कळसदगड बसला आणि बरोबर एका वर्षाने वास्तुप्रवेश करायचा असं ठरलं. एवढ्या एका वर्षात आतलं सगळं काम उरकायचं होतं. बागेची खोली या मंडळींनी मिळून रंगवली. ६ एप्रिल १८९३ ला मंदिर खुलं झालं.

हाफेनचं पुढचं आयुष्य हलाखीत गेलं. चित्रं विकली जात नसत. चर्चने काही काळ मानधन दिलं, त्याबदल्यात त्याची चित्रं घेतली. १९०३ मध्ये स्प्रिंगव्हिल या आपल्या गावच्या शाळेला त्याने एक निसर्गचित्र भेट दिलं, आणि त्या भेटीतून पुढे यूटातलं पहिलं कलासंग्रहालय उभं राहिलं. १९१० मध्ये तो इंडियानापोलिसला वारला. त्याची सुटी चित्रं संग्रहालयांत आज नीट जपलेली आहेत. ज्या भिंतींसाठी त्याला समुद्रापार धाडलं, त्या मात्र चर्चने २०२१ मध्ये स्वतःच्या हाताने उतरवल्या.

हे एकदाच घडलेलं नाही. या धर्माचा इतिहास जेमतेम दोनशे वर्षांचा, पण हरवलेल्या वास्तूंची यादी लांबलचक आहे. त्यातलं पहिलं मोठं दुःख शत्रूच्या हातून आलं. नंतरची बहुतेक आपल्याच माणसांकडून, आणि तीही चांगल्या हेतूने. मला वाटतं, पहिल्या दुःखानेच दुसऱ्यांची वाट मोकळी केली.

पहिलं दुःख नॉवूचं. इलिनॉय राज्यात मिसिसिपीच्या वळणावर पंथसंस्थापक जोसेफ स्मिथच्या अनुयायांनी १८४० च्या सुमारास एक शहर वसवलं आणि १८४१ च्या एप्रिलमध्ये टेकाडावर मंदिराची पायाभरणी केली. पैसा नव्हताच. दर दहा दिवसांतला एक दिवस पुरुष बांधकामावर राबत. बायकांनी खिळे आणि काचेसाठी आठवड्याला एक सेंट अशी वर्गणी काढली. स्थपती विल्यम वीक्सच्या आराखड्याप्रमाणे बाहेरच्या भिंतींना तीस अर्धस्तंभ होते: प्रत्येकाच्या पायाशी चंद्रकोरीचा दगड, माथ्यावर सूर्य, त्याच्यावर तारा. हे सूर्यदगड स्थानिक चुनखडीतून कोरलेले, दोन टनांहून जास्त वजनाचे. दगडावर मानवी चेहऱ्याचा सूर्य, गाल फुगीर, भोवती किरणांची झालर, आणि वरून दोन हात कर्णे धरून आलेले. कारागिरी थोडी बाळबोध आहे, पण डोळ्यांत जरब आहे. एकदा पाहिलेला तो चेहरा विसरता येत नाही.

१८४४ च्या जूनमध्ये कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथला ठार मारलं. शहर सोडावं लागणार हे उघड झालं, तरी मंदिराचं काम थांबलं नाही. उलट वेग वाढला. १८४५ च्या डिसेंबरात माळ्यावरचं मोठं दालन कनातींनी विभागून खोल्या केल्या. बागेसाठी लोकांनी घरच्या कुंड्या आणून ठेवल्या. स्वर्गीय दालनात कोणी आरसा दिला, कोणी तसबीर, कोणी गालिचा. पाच हजारांहून जास्त माणसांनी त्या दोन महिन्यांत तिथे दीक्षा घेतली, आणि फेब्रुवारी १८४६ मध्ये गोठलेल्या नदीकाठाने गाड्या पश्चिमेकडे निघाल्या. वसंतात, बहुतेक लोक निघून गेल्यावर, मंदिराचं रीतसर समर्पण झालं. जे सोडूनच जायचं आहे ते पुरं करून जायचं, ही त्यांची जिद्द.

९ ऑक्टोबर १८४८ ला कोणीतरी मंदिराला आग लावली. उरलेल्या भिंती एत्येन काबे या फ्रेंच विचारवंताच्या समाजवादी वसाहतीने विकत घेतल्या; डागडुजी सुरू असतानाच मे १८५० मधल्या चक्रीवादळाने भिंत आडवी केली. दगड गावाने नेले. कोणाच्या तळघरात गेले, कोणाच्या विहिरीत, कोणाच्या शाळेत. शेवटचा उभा कोपरा १८६५ मध्ये पाडला. सूर्यदगड धडपणे उरले ते अगदी मोजके. त्यातला एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने १९८९ मध्ये एक लाख डॉलरला घेतला.

यूटाच्या वाळवंटात पोचलेल्या लोकांनी यातून काय धडा घेतला असेल? इमारत जाते, विधी आपल्याबरोबर येतो, हाच. देव भिंतीत नाही, करारात आहे. छळ सोसलेल्या समाजाला ही श्रद्धा जगवते. पण पुढे सुबत्ता आल्यावर हीच श्रद्धा जुन्या भिंतीबद्दल बेफिकीरही करते.

सॉल्ट लेकमध्ये १८५२ मध्ये बांधलेलं जुनं टॅबरनॅकल मातीच्या विटांचं होतं, अर्धं जमिनीत खोदलेलं, अडीच हजारांच्या आसपास माणसं मावतील एवढं. त्याच्या त्रिकोणी दर्शनी भागावर लाकडात कोरलेला उगवता सूर्य होता. नॉवूच्या सूर्याचाच हा धाकटा भाऊ. १८७७ मध्ये ते पाडून त्या जागी आजचा असेंब्ली हॉल उभारला. शेजारचं १८५५ मधलं दीक्षागृह, जिथे मंदिर पुरं होईपर्यंत विधी चालत आणि जिथल्या बागेच्या खोलीला रंगवलेल्या भिंती होत्या, ते वुडरफ यांनी १८८९ मध्ये पाडायला लावलं. तिथे एक बहुपत्नी विवाह लागल्याचं बाहेर आलं होतं आणि सरकारला आपली नियत पटवून द्यायची होती. वाड्याची किंमत देऊन समाज वाचवला, असं म्हणता येईल.

  

या समाजातली एक कलाकृती मात्र अशी की ती हरवता हरवता राहिली. सी. सी. ए. क्रिस्टेन्सेन हा कोपनहेगनच्या शाही अकादमीत शिकलेला डॅनिश चित्रकार १८५७ मध्ये हातगाडी ओढत यूटाला पोचला आणि एफ्राइम गावी शेती करू लागला. १८७८ पासून त्याने आपल्या लोकांचा इतिहास मोठमोठ्या कापडांवर रंगवायला घेतला: जोसेफ स्मिथला झालेलं दर्शन, मिसुरीतले हल्ले, नॉवू सोडून जाणारे तांडे. अशी तेवीस चित्रं एकमेकांना शिवून त्याने दांडक्यांवर गुंडाळली. मग गाडीत घालून गावोगावी न्यायची, दिव्याच्या उजेडात एकेक चित्र उलगडायचं आणि गोष्ट सांगायची. पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं पान पालटत रामायण सांगत, तसाच हा खेळ. पुढे ही गुंडाळी कित्येक वर्षं अडगळीत पडून राहिली. १९७० मध्ये त्यातली चित्रं न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागली तेव्हा कलाजगताने तिची दखल घेतली. तेविसातलं एक गहाळ आहे, बावीस शिल्लक आहेत. गुंडाळून ठेवता आलं म्हणून ते राहिलं. भिंतीला ती सोय नसते.

१९७० मध्ये न्यूयॉर्क मॉर्मन चित्रकलेचं कौतुक करत होतं आणि दुसऱ्याच वर्षी, सॉल्ट लेकपासून तासाभराच्या वाटेवर, कोलव्हिलला बुलडोझर आला.

कोलव्हिल हे कोळशाच्या खाणीवरून नाव पडलेलं छोटं गाव. तिथल्या लोकांनी १८७९ मध्ये टॅबरनॅकल बांधायला घेतलं आणि पुरं व्हायला वीस वर्षं लागली. समर्पण १८९९ मध्ये झालं. उंच मनोरा, टोकदार कमानी, रंगीत काचेच्या खिडक्या. आतल्या छतावर ओल्सन नावाच्या चित्रकाराने नक्षी काढली होती आणि नक्षीच्या चौकटींत जोसेफ स्मिथपासूनच्या चर्चच्या पुढाऱ्यांचे चेहरे रंगवले होते. १९४० च्या दशकात जागा पुरेना म्हणून मधोमध एक मजला टाकला. वरच्या मजल्यावर करमणुकीचं सभागृह झालं. पूर्वी मान वर करून लांबून पाहावे लागणारे ते चेहरे आता नाचगाण्याच्या नि खेळाच्या डोक्यावर, अगदी जवळ आले. गावातल्या दोन पिढ्या त्या छताखाली नाचल्या, लग्नाच्या मेजवान्या जेवल्या.

१९६० च्या दशकाअखेर स्थानिक चर्च-पुढाऱ्यांनी नव्या इमारतीचा ठराव मांडला. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. चर्चची सदस्यसंख्या १९४७ मध्ये दहा लाख होती, १९६३ मध्ये वीस लाख, १९७१ मध्ये तीस लाख. ठरावीक नकाशांवरून शेकड्यांनी सभागृहं बांधली जात होती. वर्गखोल्या हव्यात, गाड्या लावायला जागा हवी, उबेचा खर्च कमी हवा. जुनी इमारत गळते, तिची दुरुस्ती परवडत नाही. स्थानिक सभेत बहुमत पुढाऱ्यांच्या बाजूने पडलं. विरोध करणारेही श्रद्धाळू सदस्यच होते, आणि पुढाऱ्याचा शब्द हा ईश्वरी प्रेरणेचा शब्द मानणाऱ्या समाजात विरोधाला उभं राहणं म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचा, नातलगांचा रोष ओढवून घेणं. तरी ते उभे राहिले. राज्यभरातून पत्रं आली, वास्तुरक्षणवाले धावले, प्रकरण कोर्टात गेलं, तात्पुरती मनाई मिळाली.

मनाई उठली आणि लगेच, १९७१ च्या मार्च महिन्यात, पाडकाम सुरू झालं. पुन्हा कोर्टात धाव घ्यायलाही उसंत मिळू नये एवढी घाई होती. बांधायला वीस वर्षं लागलेली वास्तू बघता बघता ढिगारा झाली. ज्यांच्या आज्याने त्या विटा वाहिल्या होत्या तीच माणसं रस्त्यापलीकडे उभी राहून रडत होती आणि त्यांच्यातल्याच काहींनी पाडकामाच्या बाजूने मत दिलं होतं. एकाच घरात दोन्ही बाजू होत्या. मला या सगळ्या इतिहासातला हा प्रसंग सर्वांत कठीण वाटतो, कारण इथे खलनायक कोणी नाही. गरज खरी होती, हेतू स्वच्छ होता, आणि नुकसान कायमचं झालं.

कोलव्हिलचा परिणाम झाला. यूटातली वास्तुरक्षणाची चळवळ त्या जखमेतून बळावली. चर्चने १९७३ च्या सुमारास फ्लॉरेन्स जेकबसन या कर्तबगार बाईंना आपल्या वारशाची जपणूक सोपवली. त्यांच्या पाठपुराव्यातून १९८४ मध्ये सॉल्ट लेकला चर्चचं इतिहास आणि कला संग्रहालय उघडलं. पण त्याआधी, १९७० च्याच दशकात, लोगनही घडलं.

उत्तर यूटातलं लोगन मंदिर १८८४ मधलं. वेगलंड आणि सहकाऱ्यांनी त्याच्या खोल्या रंगवल्या होत्या. १९७६ ते १९७९ या काळात बाहेरच्या दगडी भिंती तेवढ्या ठेवून आतलं सगळं काढलं गेलं: जिने, कोरीव लाकूड, चित्रं, सगळं. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या मंदिरासाठी चर्चने एक तोडगा काढला होता. तिथे अनेक भाषांचे लोक येणार आणि जागा लहान, म्हणून दीक्षेचा विधी चित्रपटावर उतरवला. एकाच खोलीत, पडद्यावर, हव्या त्या भाषेत. गोरगरीब परदेशी सदस्यांसाठी हे वरदानच ठरलं. पण मग बागेतून जगात आणि जगातून पुढे चालत जाण्याची गरज उरली नाही. भिंतीवरच्या बागेचं काम संपलं. लोगनमध्ये एका वेळी अधिक लोकांना दीक्षा मिळू लागली, हे खरं. वेगलंडची झाडं गेली, हेही खरं.

आता चित्रकार मिनर्व्हा टायकर्टकडे यायला हवं, कारण तिच्या वाट्याला नष्ट होणं आणि वाचणं दोन्ही आलं. १८८८ चा जन्म, बालपण आयडाहोच्या रानात. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकली, मग न्यूयॉर्कला रॉबर्ट हेन्रीकडे. मॉर्मन लोकांची कहाणी तूच रंगवायला हवीस, असं हेन्रीने तिला बजावल्याचं ती सांगे. लग्नानंतर वायोमिंगमधल्या कोकव्हिलच्या गुरांच्या वाड्यावर तिचं आयुष्य गेलं. दूधदुभतं, मुलं, स्वयंपाक, आणि बैठकीच्या खोलीत भिंतीला ठोकलेलं प्रचंड कापड. खोली छोटी म्हणून कापडाची एक बाजू दुमडून दुसरी रंगवायची. मागे सरायला जागा नाही म्हणून नाटकाच्या दुर्बिणीतून उलट्या बाजूने पाहायचं, म्हणजे चित्र लांब गेल्यासारखं दिसे. पुढे मुलाबाळांच्या नि नातलगांच्या कॉलेजच्या फीपोटी तिने चित्रं विद्यापीठाला दिली.

१९४७ मध्ये यूटातल्या मँटीच्या मंदिरातली जगाची खोली रंगवण्याचं काम तिला मिळालं. हे मंदिर १८८८ मधलं. सॅनपीट खोऱ्यातल्या बायकांनी रविवारी घातलेली अंडी विकून त्याला हातभार लावला होता, आणि त्यातली निर्मितीची खोली क्रिस्टेन्सेनने रंगवली होती. मिनर्व्हा तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर. भिंती अठ्ठावीस फूट उंच, रंगवायचं क्षेत्र जवळजवळ चार हजार चौरस फूट. एका मदतनीसाला हाताशी धरून मचाणावर चढून तिने प्रत्यक्ष रंगकाम तेवीस दिवसांत उरकलं. आणि काढलं काय? रीतीप्रमाणे खडक नि श्वापदं काढली नाहीत. तिने माणसं काढली. बाबेलचा मनोरा, धर्मयोद्ध्यांच्या स्वाऱ्या, कोलंबस, जहाजातून उतरणारे यात्रेकरू, व्यापारी आणि राजे, आणि त्यांच्या पायाशी भुकेले, कंगाल. समोरच्या भिंतीवर मध्यभागी उभा अमेरिकेचा मूळ रहिवासी. बागेतून हाकललेल्या माणसाचं जग म्हणजे उजाड निसर्ग नव्हे, इतिहास आहे, असं या गुराखीणबाईने ठरवलं. रंग सपाट, फिके, घाईने ओढल्यासारखे. जवळून पाहिलं तर कुंचल्याचे फटकारे मोजता येतील. त्या घाईतच जिवंतपणा आहे.

ती १९७६ मध्ये वारली आणि तिची खरी कीर्ती त्यानंतर वाढली. तिचं एक मोठं चित्र यूटातल्याच प्रोव्होच्या टॅबरनॅकलमध्ये टांगलेलं होतं. १७ डिसेंबर २०१० च्या पहाटे ती १८९८ मधली वास्तू पेटली. नाताळच्या संगीत कार्यक्रमाची तयारी चालू होती. माळ्यावर लाकडी पेटीवर ठेवलेला एक चालू विजेचा दिवा आगीचं मूळ ठरला. छत कोसळलं, चित्र जळालं, विटांच्या चार भिंती काळ्याठिक्कर उभ्या राहिल्या. कोलव्हिलनंतर चाळीस वर्षांनी चर्चने इथे वेगळा निर्णय घेतला: त्याच भिंती ठेवून मंदिर करायचं. भिंती खांबांवर तोलून धरल्या आणि त्यांच्या खालून माती उपसून तळमजले खोदले. छायाचित्रांत ती इमारत काही महिने हवेत उभी असल्यासारखी दिसते. २०१६ च्या मार्चमध्ये मंदिर खुलं झालं. भिंत वाचवायची ठरवली तर काय काय करता येतं, ते प्रोव्होने दाखवलं.

म्हणूनच २०२१ चा धक्का मोठा होता. सॉल्ट लेकचं मंदिर भूकंपापासून सुरक्षित करण्यासाठी २०१९ च्या अखेरीस बंद झालं होतं. त्याची निकड पुढच्याच मार्चमध्ये पटली: ५.७ तीव्रतेच्या भूकंपात कळसावरच्या देवदूताच्या हातातला कर्णा निखळून पडला. पण १२ मार्च २०२१ ला चर्चच्या अध्यक्षमंडळाने आणखी एक गोष्ट जाहीर केली. सॉल्ट लेक आणि मँटी या दोन्ही मंदिरांत आता प्रत्यक्ष संवादांऐवजी चित्रपटावरूनच विधी होतील, आणि भित्तिचित्रं काढली जातील. सॉल्ट लेकमधली चित्रं थेट गिलाव्यावर होती, मधल्या काळात अनेकदा डागडुजी झालेली. भूकंपरोधक कामात ती टिकणार नाहीत, असं सांगितलं गेलं. छायाचित्रं काढून ठेवली होती. पॅरिसला पाठवलेल्या पोरांची बाग अशी गेली.

मँटीची बातमी आल्यावर मात्र लोक गप्प बसले नाहीत. सह्यांची मोहीम झाली, मिनर्व्हाच्या वंशजांनी आवाज उठवला, कलेचे अभ्यासक, सॅनपीट खोऱ्यातले शेतकरी, दूरदूरचे सदस्य पत्रं लिहू लागले. यातले बहुतेक श्रद्धाळूच होते, आणि त्यांची भाषा विनवणीची होती. फरक पडला तो वेळेचा: कोलव्हिलला कोर्टाची मनाई उठताच यंत्रं चालली, मँटीत अजून छिन्नी लागलेली नव्हती.

१ मे २०२१ ला अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी निर्णय फिरवला. मँटीतली चित्रं जिथे आहेत तिथेच राहतील. वाढत्या गर्दीसाठी जवळच, सात-आठ मैलांवरच्या एफ्राइमला, क्रिस्टेन्सेन जिथे शेती करत असे त्या गावी, नवं मंदिर बांधलं जाईल. जागा अपुरी पडते म्हणून जुनं पाडायचं, की शेजारी नवं बांधायचं? दीडशे वर्षं पहिलंच उत्तर दिलं जात होतं. दुसरं या वेळी सुचलं. मँटी मंदिर दुरुस्त होऊन २१ एप्रिल २०२४ ला पुन्हा समर्पित झालं. त्याआधी तीन आठवडे ते सर्वांना खुलं होतं, आणि एरवी ज्यांना त्या दारातून आत जाता येत नाही अशा हजारो लोकांनी मिनर्व्हाच्या खोलीत उभं राहून मान वर करून तिची माणसं पाहिली. सॉल्ट लेकचं मंदिर २०२७ च्या एप्रिलपासून काही महिने असंच खुलं होणार आहे.